सातपूरकरांना उत्तर: १८० नॅनोमीटर, द्राक्षाचा कंटेनर आणि आमची पोरं

सातपूरकर, एवढी सविस्तर प्रतिक्रिया दिलीत, थँक्यू. उशीर झाला कारण कॉलेजात सबमिशन्स चालू होती. तुमचं म्हणणं असं की चिप डिझाइनची टूल्स (सॉफ्टवेअर) शंभर कॉलेजांना वाटून आणि मोहालीत चिप बनवून देऊन काय होणार, १८० नॅनोमीटर (चिपवरच्या बारकाव्याचं माप, आकडा लहान तितकं तंत्र नवं) म्हणजे भंगार, जग ३ वर गेलंय, त्यापेक्षा तोच पैसा लॅबला द्या, पोरांना एफपीजीए बोर्ड (पुन्हा पुन्हा प्रोग्राम करता येणाऱ्या तयार चिपचा) द्या. आणि शेवटी, "नाशकात हे शिकवणार कोण?"

शेवटचा प्रश्न झोंबला, कारण खरा आहे. त्यावर येतेच.

पण १८० ला भंगार म्हणू नका हो. सप्टेंबर २०२५ मध्ये इस्रोचा विक्रम ३२०१ प्रोसेसर दाखवला ना, रॉकेटसाठीचा, तो मोहालीच्या एससीएलमध्ये, म्हणजे सरकारी चिप कारखान्यात, १८० वरच झालाय. आयआयटी बॉम्बेचा अजित प्रोसेसर पण तिथलाच. तुमच्या एमआयडीसीतलं कुठलंही कंट्रोल पॅनेल उघडा, आतल्या पॉवरच्या चिप्सना ३ नॅनोमीटरचं काय कौतुक?

आता पैशाचं. चिप्स टू स्टार्टअप ही योजना २०२२ ची, पाच वर्षं, २५० कोटी, संस्था शंभरच्या वर. म्हणजे वाटून दिले तर एकेकाला दोन-अडीच कोटी, पाच वर्षांसाठी, आणि त्यात प्रत्येकाने टूल्सची लायसन्स वेगळी घ्यायची म्हटलं तर लॅबला काय उरणार? म्हणून टूल्स बंगळुरूच्या सी-डॅकमधल्या चिपइन सेंटरकडून, सगळ्यांना मिळून.

फॅबचंही, म्हणजे चिप प्रत्यक्ष बनवण्याचंही तसंच. खर्च मास्कच्या (चिपचा नकाशा छापायच्या साच्यांच्या) सेटचा असतो, एक चिप काढा नाहीतर हजार. मग दहा-वीस जणांची डिझाइन्स एकाच वेफरवर (सिलिकॉनच्या चकतीवर) बसवतात आणि खर्च वाटून घेतात. आपल्याकडे एकट्याच्या बागेतला माल कंटेनरला पुरत नाही तेव्हा चार बागायतदार मिळून भरतात, अगदी तेच, आणि जहाज तुमच्यासाठी थांबत नाही हेही तेच 😀. ही काही आपली नवीन टूम नाही. अमेरिकन संगणकशास्त्रज्ञ लिन कॉनवे यांनी १९७८ ला एमआयटीत कोर्स घेतला, पोरांच्या चिप्स पुढच्या जानेवारीत बनून हातात आल्या, आणि १९८१ पासून अमेरिकेत मोसिस या सेवेने हे कायमचं चालू केलं.

एफपीजीए मी पण शिकवते आणि सुरुवात त्यानेच करावी. पण तिथे चुकलं की दोन मिनिटांत परत प्रोग्राम करता येतं, पोरं बिनधास्त असतात, चिपमध्ये चुकलं की चुकलंच. दोन वायरमधलं अंतर नियमाच्या खाली गेलं म्हणून डीआरसीच्या (असे नियम तपासणाऱ्या चाचणीच्या) शेकडो एरर रात्री अकराला मिटवत बसलेला पोरगा जे शिकतो ते माझ्या लेक्चरमध्ये नाही शिकत, खरंच नाही. आणि अ‍ॅनालॉग तर एफपीजीएवर होतच नाही.

कुणी म्हणेल ओपन सोर्स आहे की. आहे, गूगल आणि चिप बनवणाऱ्या स्कायवॉटरने २०२० ला १३० नॅनोमीटरचं पीडीके (त्या फॅबसाठी डिझाइन करायचे नियम आणि फाइल्स) खुलं केलं, मी पण वापरते. पण त्यावर शटल (अनेकांची डिझाइन्स एकत्र बनवायची फेरी) चालवणारी एफॅबलेस कंपनी २०२५ ला बंद पडली आणि तिच्यामार्फत चिप्स बनवून घेणाऱ्या टाइनी टेपआउट प्रकल्पातल्या लोकांची डिझाइन्स मध्येच लटकली. एका खाजगी कंपनीच्या भरवशावर अभ्यासक्रम कसा बांधायचा?

बरं, शिकवणार कोण. आमच्याकडे टूल आलं तेव्हा नुसतं पीडीके नीट लावायला दोन महिने गेले, विचारायला जवळपास कुणी नाही. त्याहून मोठी गोची म्हणजे चिप परत येईपर्यंत बॅच पास होऊन हिंजवडीला गेलेली. चिप्सची डबी माझ्या कपाटात. टेस्ट करणार कोण? योजनेच्या बातम्यांत टेपआउटचे (डिझाइन फॅबला पाठवल्याचे) फोटो असतात, त्यानंतरचं कुणी विचारत नाही. म्हणून यंदापासून टेस्ट बोर्ड हा तिसऱ्या वर्षाचा प्रोजेक्ट केलाय, म्हणजे सीनियरची चिप ज्युनियर तपासतील. जमेल की नाही बघू. खरं तर नाशकातल्या कॉलेजांनी मिळून एक माणूस आणि एक टेस्ट बेंच ठेवला पाहिजे, टूल वाटून घेता येतं तर हे का नाही, पण प्रिन्सिपल लोकांना एका टेबलावर बसवणं फॅबपेक्षा अवघड.

तुम्ही टेस्टिंगमध्ये तीस वर्षं काढली म्हणता. तर एखाद्या शनिवारी या ना कॉलेजवर, डबी अजून उघडलेली नाही. आणि कंपनीत जुना लॉजिक अ‍ॅनालायझर (चिपचे सिग्नल तपासायचं यंत्र) पडून असेल तर तोही घेऊन या, आमचा एक चॅनेल गेलाय.