याखिमोवमधलं १९४६ गाळून कसं चालेल?

आज डोकं तापलंय, त्यामुळे पोस्ट मोठी होणार.

चेकियातल्या कार्लोवी वारी या शहरापासून वीसेक किलोमीटरवर, डोंगरात, याखिमोव नावाचं छोटं गाव आहे. पुण्याहून आलेल्या पाहुण्यांना घेऊन आज तिथे गेले होते. गाइड छान बोलत होता. १५१६ मध्ये चांदीच्या खाणींवर वसलेलं गाव, इथल्या 'टालर' या चांदीच्या नाण्यापासून थेट डॉलरपर्यंत पोचलेलं नाव, मेरी क्युरींना ज्यात रेडियम सापडलं ते इथल्याच खाणीतलं खनिज, १९०६ पासूनचे रेडॉनच्या पाण्याचे उपचार. सगळं रंगवून सांगितलं. आणि दुसऱ्या महायुद्धानंतर? "मग इथली लोकवस्ती बदलली." झालं. पुढे चला!

बदलली म्हणजे काय? आपोआप? हे शतकानुशतकं जर्मन बोलणारं गाव होतं. योआखिम्सटाल म्हणायचे याला. युद्ध संपल्यावर, १९४५-४६ मध्ये, चेकोस्लोव्हाकियातून सुमारे तीस लाख जर्मन घालवले गेले, त्यात इथलेही. हातात मावेल तेवढं सामान, घर सरकारजमा, आणि मालगाडीचा डबा.

मागे याच भागात एका बाईंच्या घरी उतरलो होतो. त्या सत्तरीच्या पुढच्या. स्वयंपाकघरातल्या फळीवर चिनी मातीच्या बरण्या, त्यांवर निळ्या अक्षरांत जर्मनमध्ये साखर, मीठ, रवा. माझं चेक मोडकंतोडकं, म्हणून मैत्रिणीला विचारायला लावलं. बाई सरळ म्हणाल्या, "आईवडील १९४६ ला इथे आले, सरकारने घर दिलं. बरण्या भरलेल्या होत्या. आईने तीच साखर वापरली."

ना आवाज खाली, ना नजर चोरणं. त्या घरात आयुष्य काढलेली बाई हे सांगू शकते, मग पैसे घेऊन इतिहास सांगणाऱ्याची जीभ का अडखळते?

हो, ठाऊक आहे. १९३५ च्या निवडणुकीत इथल्या बहुसंख्य जर्मनांनी हेनलाइनच्या, म्हणजे पुढे हिटलरला जाऊन मिळालेल्या पुढाऱ्याच्या, पक्षाला मतं दिली. म्युनिक करार झाला आणि हा सीमाभाग हिटलरला दिला गेला, नाझींनी लिडित्से हे अख्खं चेक गाव नष्ट केलं. चेक लोकांचा राग खोटा नव्हता. मान्य. पण रव्याची बरणी भरून ठेवणाऱ्या त्या जर्मन बाईकडून लिडित्सेचा हिशेब चुकता करायचा? आणि तिच्या लेकरांकडून? हिटलरला विरोध केलेल्या जर्मनांपैकीही कितीतरी जणांना गाव सोडावं लागलंच की.

पुढे कम्युनिस्ट राजवटीत इथल्या युरेनियमच्या खाणीत राबवलेल्या राजकीय कैद्यांबद्दल मात्र गाइड पोटतिडकीने बोलला. तेव्हा माझ्याही घशात आवंढा आला. बोलायलाच हवं, भयंकरच होतं ते. आता लिहिताना राग जरा उतरलाय. तो पोरगा पंचविशीचा असेल. त्याच्या आजीच्या फळीवरही कदाचित तशाच बरण्या असतील, आणि घरात कुणी विषय काढत नसेल. पण मग त्यानेच बोलायला हवं ना! ते कैदी आपले आणि मालगाडीत बसवलेले परके, अशी दुःखाची वाटणी मला नाही पटत.

कार्लोवी वारीला येणाऱ्यांनो, अर्धा दिवस काढून याखिमोवला जाच. गाव खरंच सुंदर आहे. आणि गाइडला १९४६ बद्दल विचारा. त्याने टाळलं तर पुन्हा विचारा.