फोर्डचे पाच डॉलर : एका लोकप्रिय कथेचा प्रतिवाद

उद्योजकतेचे धडे देणाऱ्या संदेशांतून हेन्री फोर्डची एक कथा हमखास फिरत असते. फोर्डने मोटारीचा शोध लावला, असेंब्ली लाइनची (म्हणजे नग एकेका कामगारापुढून सरकत जाऊन टप्प्याटप्प्याने जोडला जाण्याची) कल्पना त्याच्या एकट्याच्या डोक्यातून निघाली, त्याची ‘मॉडेल टी’ ही मोटार फक्त काळ्या रंगात मिळे आणि आपल्या कामगारांनाही ती घेता यावी म्हणून त्याने त्यांची मजुरी दुप्पट केली, असा तिचा सारांश. यातले एकही विधान जसेच्या तसे टिकत नाही, आणि शेवटचे तर कामगारांच्या बाबतीत अन्यायकारक आहे.

शोधाचा मुद्दा लगेच निकालात निघतो. जर्मनीत कार्ल बेंझने आपल्या तीनचाकी मोटारीच्या पेटंटसाठी जानेवारी १८८६ मध्ये अर्ज केला होता. फोर्डची पहिली गाडी डेट्रॉइटच्या रस्त्यावर आली ती जून १८९६ मध्ये. खुद्द अमेरिकेतही ड्युर्‍या बंधूंनी १८९३ मध्येच स्प्रिंगफील्डला आपली मोटार चालवून दाखवली होती.

असेंब्ली लाइनबाबत श्रेय नाकारण्याचा प्रश्न नाही, ते वाटून देण्याचा आहे. रॅन्सम ओल्ड्सने १९०१ पासून ‘कर्व्ह्ड डॅश’ ही ओल्ड्समोबील मोटार मोठ्या संख्येने बनवताना कामाची टप्प्याटप्प्याने विभागणी केली होती. फोर्डच्या हायलँड पार्क कारखान्यातली चालती लाइन चार्ल्स सोरेन्सन, क्लॅरेन्स एव्हरी, विल्यम क्लॅन अशा अनेकांच्या प्रयोगांतून घडली. शिकागोच्या कत्तलखान्यात टांगलेले जनावर एकेका कामगारापुढून सरकत जाताना क्लॅनने पाहिले होते. एप्रिल १९१३ मध्ये मॅग्नेटोच्या, म्हणजे इंजिनातल्या ठिणगीसाठी वीज तयार करणाऱ्या भागाच्या, जुळणीवर पहिला मोठा प्रयोग झाला. एक कामगार एकटा बसून जो नग सुमारे २० मिनिटांत जोडत असे, तेच काम २९ जणांत वाटल्यावर प्रत्येक नगामागे एकूण श्रमाची १३ मिनिटे १० सेकंद लागू लागली; पुढे लाइनची उंची वाढवून आणि साखळीने नग सरकवून ही वेळ ५ मिनिटांवर आली.

काळ्या रंगाची सक्ती १९१४ ते १९२५ या काळातली आहे. १९०८ मध्ये आलेली मॉडेल टी सुरुवातीच्या वर्षांत राखाडी, हिरव्या, लाल, निळ्या रंगांत विकली गेली आणि शेवटी १९२६ च्या गाड्यांना पुन्हा रंग मिळाले.

आता मजुरीचा प्रश्न. जो कामगार पूर्वी अख्खा मॅग्नेटो जोडत असे, त्याच्या वाट्याला आता दिवसभर दोन-चार बोल्ट आवळणेच उरले, तेही लाइनच्या वेगाने. माणसे टिकेनात. १९१३ मध्ये सुमारे १४,००० कामगार कामावर राहावेत म्हणून कंपनीला वर्षभरात ५०,००० हून अधिक जणांची भरती करावी लागली. ५ जानेवारी १९१४ रोजी जाहीर झालेला आठ तासांना पाच डॉलर हा दर या गळतीवरचा उपाय होता. कामगारांना गिऱ्हाईक बनवण्याचे गणित यात बसतच नाही: या योजनेसाठी वर्षाला एक कोटी डॉलर लागतील असे कंपनीने सांगितले होते, आणि तेव्हाच्या पाचशे डॉलरच्या आसपासच्या किमतीने चौदाही हजार कामगारांनी एकेक गाडी घेतली असती, तरी कंपनीच्या हाती नफा नव्हे, तर एकूण विक्रीचेच जेमतेम ७० लाख डॉलर आले असते. चांगल्या मजुरीने गिऱ्हाईक वाढते असे फोर्ड पुढे सांगत राहिला हे खरे. पण खर्च कमी करणाऱ्या आपल्या उत्तम निर्णयांपैकी हा एक होता, असेही त्याने १९२२ च्या आत्मकथनात लिहून ठेवले आहे.

शिवाय हे पाच डॉलर सरसकट मिळत नसत. त्यांतला जवळपास निम्मा भाग नफ्यातला वाटा म्हणून धरलेला होता आणि त्यासाठी कंपनीच्या समाजशास्त्रीय विभागाचे तपासनीस कामगाराच्या घरी जाऊन तो दारू पितो का, बचत करतो का, घर स्वच्छ आहे का, याची चौकशी करीत. सहा महिने नोकरी न झालेल्यांना हा वाटा नव्हता, आणि सुरुवातीला स्त्री कामगारांनाही नव्हता.