३१२.४७८ किलोमीटर म्हणजे नक्की किती?

मागच्या महिन्यात मित्राशी वाद झाला. दोघांना एकाच शहरात जायचं होतं. तो म्हणे विमानानं, मी म्हणे गाडीनं. त्यानं मोबाईलवर अंतर दाखवणारी एक साइट उघडून पुढे केली. "हे बघ, हवाई अंतर ३१२.४७८ किलोमीटर, ५३ मिनिटं. गाडीनं ४१० किलोमीटर, सात तास. संपला विषय!"

मला आधी हसू आलं ते त्या .४७८ चं. शेवटचा आकडा म्हणजे चक्क एक मीटर. शहर तीस-चाळीस किलोमीटर पसरलेलं आणि ही साइट मीटरात बोलतेय! मोजलं कुठून कुठवर? तर शहराच्या नावाला नकाशावर जे टिंब दिलंय, तिथून दुसऱ्या टिंबापर्यंत. त्यात सोप्या सूत्रात पृथ्वी ६,३७१ किलोमीटर त्रिज्येचा गुळगुळीत चेंडू धरतात. प्रत्यक्षात विषुववृत्तापाशी त्रिज्या ६,३७८ आणि ध्रुवांपाशी ६,३५७. म्हणजे अर्ध्या टक्क्यापर्यंत चूक होऊ शकते. ३१२ किलोमीटरला दीड किलोमीटर. आणि आपण मीटर मोजतोय.

तशी दोन टिंबांमधली ती सगळ्यात जवळची रेषा मला आवडते, खोटं कशाला बोलू. न्यूयॉर्क आणि माद्रिद जवळजवळ एकाच अक्षांशावर आहेत. सपाट नकाशा बघून सरळ पूर्वेला गेलात तर सुमारे ५,९५० किलोमीटर पडतात. उत्तरेकडून कमानीसारखं गेलात तर ५,७७०. वाकडी दिसणारी वाटच जवळची! पृथ्वीगोलावर दोरा ताणून बघा, पटेल.

पण त्या रेषेवरून नेमकं जातं कोण? विमानही नाही. वारा ज्या बाजूचा त्या बाजूला तोंड करून उडायचं, मग वळायचं, उतरताना रांगेत घिरट्या घालायच्या. वर हवाई हद्दीची भानगड वेगळीच. २०२२ मध्ये रशियाची हद्द बंद झाली आणि हेलसिंकी ते टोकियो हा नऊ-साडेनऊ तासांचा प्रवास तेरा तासांवर गेला. शहरं जागची हलली नव्हती.

रस्त्याचं अंतर साधारण सरळ अंतराच्या सव्वा ते दीडपट धरतात. डोंगर, खाडी आली की तो अंदाज कोलमडतो. किन्शासा आणि ब्राझाव्हिल या दोन राजधान्या काँगो नदीच्या दोन काठांवर, समोरासमोर. मध्ये पूल नाही, होडीनं जा. पनामा सिटी ते बोगोटा सलग जमीन आहे, पण मधल्या दारिएनच्या जंगलात शंभरेक किलोमीटर रस्ताच नाही. 'गाडीनं किती?' या प्रश्नाला तिथे उत्तरच नाही.

असो. शेवटी आम्ही पैज लावली. दोघंही सकाळी सहाला घरातून निघालो. तो विमानतळावर, तिथे तपासणी, मग गेटपाशी ताटकळणं, हवेत तासाभराचा प्रवास, उतरून पुन्हा टॅक्सी. पोचला ११.२५ ला. मी वाटेत अर्धा तास थांबून १२.५० ला. तो जिंकला, मान्य. पण मोबाईलवर सहा तास दिसत होते, हातात पडला सव्वा तास आणि वर दहा मिनिटं.

पट्ट्यावर बॅग यायला पंचवीस मिनिटं लागली नसती तर अकरालाच पोचलो असतो, हे तो अजूनही ऐकवतो.