सतरंजीला आधार

आज सकाळी बागेत गेलो, तेव्हा टोमॅटोसाठी दोन दिवस खपून उभारलेल्या माझ्या लोखंडी पिंजऱ्यावर शेजारच्या काकांची ओली सतरंजी वाळत घातलेली होती. पिंजरा तसूभरही कलला नव्हता. आत, त्या सतरंजीच्या अंधारात, चार बोटे उंचीचे माझे रोप उन्हाची वाट पाहत उभे होते. संताप आणि अभिमान एकाच क्षणी दाटून आले, की कोणता चेहरा करावा हे माणसाला कळत नाही. मी बहुधा शिंक अडकल्यासारखा दिसत असेन.

या पिंजऱ्याचे मूळ गेल्या हंगामात आहे. तेव्हा मी तयार मिळणारा तारेचा आधार विकत आणला होता. तो वर रुंद आणि खाली निमुळता असतो, म्हणजे जिथे भार येतो तिथे ऐसपैस आणि जिथे तो पेलायचा तिथे चिंचोळा. झाड पाच फुटांवर गेले, फळे धरली, एका रात्री पाऊस आणि वारा असे दोघे मिळून आले, आणि सकाळी झाड व आधार एकमेकांच्या गळ्यात गळा घालून चिखलात पडलेले आढळले. चिखलाचे शिंतोडे खालच्या पानांवर उडाले, त्यातून करपा आला, आणि उरलेला हंगाम मी तपकिरी ठिपक्यांची पाने खुडत घालवला. त्याच वेळी मी मनाशी ठरवले, की पुढच्या खेपेस आधार असा करीन, की एक वेळ झाड मोडेल, पण तो हलणार नाही.

खरे पाहता टोमॅटोला उभे राहायचेच नसते. काकडीला किंवा कारल्याला निसर्गाने ताणे दिले आहेत. जे सापडेल त्याला धरून ती वर चढतात. टोमॅटोला ताणा नाही आणि वेटोळे घालण्याची कलाही नाही. त्याचे खोड जमिनीला टेकले, की त्यालाच नवी मुळे फुटतात, म्हणजे लोळत पसरणे हाच त्याचा स्वभाव आहे. त्याला ताठ उभे करण्याची हौस आपली. तरीही तो पडला की अपमान आपलाच होतो, हा न्याय मला अजून पटलेला नाही.

तर शनिवारी मी काँक्रीटमध्ये घालतात ती, 6 इंची चौकोनांची लोखंडी जाळी आणून कामाला लागलो. या चौकोनांतून हात आत जातो आणि फळ धरलेल्या मुठीसह बाहेरही येतो, हा तिचा मोठा गुण. दोष असा, की गुंडाळीतून सोडवलेली जाळी पुन्हा गुंडाळीत जाण्यासाठी सतत टपलेली असते, आणि तिच्या वाटेत आपली नडगी येते. दुसरे टोक धरायला माणूस हवा. असा माणूस कुंपणाच्या बुटक्या भिंतीपलीकडे, हातात चहाचा कप घेऊन, बराच वेळ उभा होता.

"कोंबड्या पाळताय का?" काकांनी विचारले.

"नाही काका, टोमॅटो."

"कोंबड्यांना टोमॅटो?"

टोमॅटो लावला आहे, हा त्याचा आधार आहे, असे मी समजावले. काकांनी वाफा डावीकडून उजवीकडे नजरेने विंचरला. "कुठे आहे?" मी बोट दाखवले. ते आत गेले, चष्मा लावून आले, भिंतीवरून वाकले आणि म्हणाले, "हा?"

त्या एका अक्षरात जे होते, ते लिहून दाखवता येणार नाही. एवढ्यावर ते थांबले असते तरी चालले असते, पण त्यांनी घराकडे तोंड करून हाक मारली, "अगं, जरा बाहेर ये, टोमॅटो बघ." काकू हात पुसत आल्या. त्यांनी आधी पिंजरा पाहिला, मग रोप पाहिले, मग माझ्याकडे पाहिले, आणि एखाद्या अशक्त मुलाच्या आईशी बोलावे तशा मऊ आवाजात म्हणाल्या, "होईल हो मोठा."

मी मुद्देसूद सांगण्याचा प्रयत्न केला. हे वाण वाढतच राहणारे आहे, ते सहा फुटांवर सहज जाते. झाड मोठे झाल्यावर खुंट ठोकले तर मुळे तुटतात, म्हणून आधार लावणीच्या वेळीच उभा करायचा असतो. काकांनी सगळे शांतपणे ऐकले आणि चहाचा शेवटचा घोट घेतला. "माझ्या आजोबांनी कधी टोमॅटोला काठीसुद्धा लावली नाही," ते म्हणाले.

"मग टोमॅटो नीट यायचे?"

"ते टोमॅटो लावत नसत."

यावर उत्तर नसते. मी विषय बदलण्यासाठी म्हणालो, "काका, हे टोक जरा धरता का?"

"धरले असते," ते कळवळून म्हणाले, "पण कंबर."

ही कंबर पुढचे दोन तास भिंतीवर रेलून माझ्या चुका मोजत होती. पहिली चूक गणिताची होती. 2 फूट व्यासाच्या पिंजऱ्याला परीघाएवढी, म्हणजे सुमारे 6 फूट 3 इंच जाळी लागते. मी घाईत व्यासाऐवजी त्रिज्येलाच पायने गुणले आणि निम्मीच कापली. त्यातून जो फूटभर रुंदीचा बारकुडा पिंजरा निघाला, त्याकडे पाहून काका प्रथमच प्रसन्न झाले. "हा बरा आहे. रोपाच्या मापाचा."

रविवारी मात्र काम मनासारखे उतरले. सर्वांत खालची आडवी तार पकडीने कापून काढली, की उभ्या तारांची 6 इंची टोके मोकळी होतात; ती सगळी जमिनीत दाबली. शिवाय समोरासमोर दोन लोखंडी खुंट दीड फूट खोल ठोकून पिंजरा त्यांना तारेने जखडला. मी तो दोन्ही हातांनी गदगदा हलवून पाहिला. मी हललो. शेवटी बारकुडा पिंजराही शेजारी मिरचीसाठी रोवून टाकला.

आणि आज ही सतरंजी. पाणी प्यायलेली जाड सतरंजी किती जड असते, हे ज्याने ती पिळली आहे त्यालाच ठाऊक. ती बादलीतून उचलून, भिंतीवरून पलीकडे झुकून, छातीएवढ्या उंच पिंजऱ्यावर अंथरायची, म्हणजे कंबरेला काय काय करावे लागत असेल! जाळीचे एक टोक पाच मिनिटे धरणे जिला झेपले नाही, तिला हे झेपले, याचा मला खरोखर राग आला आणि अजूनही आहे. पावसात भिजलेले, फळांनी लगडलेले झाड वाऱ्यात शिडासारखे फुगते, तेव्हा आधाराला काय सोसावे लागते याची फुकटात चाचणी झाली, असे मी स्वतःला समजावून पाहिले. पण चाचणी मी मागितली नव्हती.

सतरंजी काढून मी ती घडी घालून भिंतीवर ठेवली. संध्याकाळी काका ती न्यायला आले. मी दिवसभर मनात घोळवलेले कठोर वाक्य ओठांवर आणले, तेवढ्यात त्यांनी पिंजऱ्यावर थाप मारली. "मजबूत आहे हो. काम चांगले केलेत."

दोन दिवसांत कोणाच्याही तोंडून निघालेले हे पहिलेच चांगले शब्द होते. माझे वाक्य घशातच राहिले.

"उद्या चादरी आहेत," काका म्हणाले. "तो बारका मोकळाच आहे ना?"

आणि मी, हे लिहितानाही लाज वाटते, "हो" म्हणालो.