साताऱ्याचं ऊन आणि ऑरहुसचा डोम

मागच्या रविवारी डेन्मार्कमधल्या ऑरहुसच्या बोटॅनिकल गार्डनमधल्या डोमचे, म्हणजे घुमटासारख्या ग्रीनहाऊसचे फोटो शाळेच्या ग्रुपवर टाकले आणि तिकडं दोन तट पडले. एक म्हणतायत साताऱ्यात पण असं झालंच पाहिजे, कास पठारावर फुलं बघायला येणारी गर्दी शहरात थांबेल, दुसरे म्हणतायत आधी शेतकऱ्याच्या पॉलिहाऊसचं अनुदान वेळेवर द्या मग असले महाल बांधा. मला यायला सहा वर्षं झाली, इथं पवनचक्क्यांचं काम करतो, त्याआधी साताऱ्याजवळच्या चाळकेवाडीच्या पठारावर तेच करायचो, दोन्हीकडचं ऊनवारं अंगावर घेतलंय म्हणून माझं मत मांडतो.

इथलं जुनं ग्रीनहाऊस १९६९ चं, गोगलगायीच्या शंखासारखं. ते पाडलं नाही, दुरुस्त केलं, जुन्या पाम हाऊसमध्ये लोकांसाठी माहिती केंद्र केलं, आणि उष्ण प्रदेशातल्या झाडांसाठी शेजारी नवा अंडाकृती डोम उभा केला, २०१३ मध्ये, आर्किटेक्टही तेच जुनेच, सी. एफ. मोलर. दहा स्टीलच्या कमानी आणि मधल्या चौकटीत काच नाहीच, ईटीएफई नावाच्या प्लॅस्टिकच्या हवा भरलेल्या उशा. वजन काचेच्या जेमतेम शंभराव्या हिश्श्याइतकं, म्हणून तर एवढ्या बारीक सांगाड्यावर भागलं. दक्षिणेकडच्या उशांना तीन थर, त्यातल्या दोनांवर छपाई, आतला हवेचा दाब बदलला की थर जवळ-लांब होतात आणि सावली कमीजास्त होते. खाली उभं राहिलं की अंगाला घाम आणि नाकात ओल्या मातीचा वास, आपल्याकडं पहिल्या वळवाला येतो तसा, मी तर डिसेंबरात नुसता त्या वासासाठी जातो.

पण हे सगळं कशासाठी, तर ऊन धरून ठेवायला. डिसेंबरात भर दुपारी इथं सूर्य क्षितिजावर जेमतेम दहा अंश येतो, म्हणून डोमचा आकार असा की आतली जागा मोठी पण बाहेरचा पृष्ठभाग कमीत कमी, उष्णता बाहेर पडायला वावच कमी. साताऱ्यात मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात सूर्य बरोबर डोक्यावर असतो, आपली सावली आपल्याच पायाखाली. तिथं हाच डोम जसाच्या तसा नेऊन ठेवला तर एप्रिलमध्येच आतली झाडं शिजतील हो! आकार उचलू नका, इथल्या लोकांनी आधी सूर्याचा हिशोब मांडला तो उचला.

आणि कासचं म्हणाल तर तिथं ८५० च्या वर सपुष्प वनस्पतींची नोंद आहे, २०१२ पासून ते जागतिक वारसा यादीत आहे, त्यातली कंदीलपुष्पासारखी झाडं उन्हाळ्यात जमिनीखाली कंद होऊन झोपतात, त्यांना डोम काय कामाचा? त्यांना पाय पडू नयेत एवढीच गरज आहे. आपल्याला करायचंच असेल तर शेडनेट, वर गरम हवा निघायला जागा, पाण्याचं धुकं उडवणारे फॉगर, आणि आत सह्याद्रीतली नेची (फर्न), आमरी (ऑर्किड), पोरांना हात लावून बघता येतील अशी. हे तंत्र आपल्या शेतकऱ्याला पाठ आहे, परदेशातून कुणी यायला नको, म्हणून अनुदानवाले आणि डोमवाले भांडतायत ते मला पटत नाही, ज्याला पॉलिहाऊस चालवता येतं तोच उद्या हे चालवणार आहे.

कोरेगावला दादाचं ढोबळी मिरचीचं पॉलिहाऊस आहे, वर २०० मायक्रॉनचा प्लॅस्टिकचा पेपर, मागच्या वळवात एका बाजूनं टरकन फाटला, आठ दिवस मिरची उघडी. त्याला व्हिडिओ कॉलवर डोम दाखवला तर बाकी काही नाही, एवढंच म्हणाला, "पेपर फाटला तर वर चढतं कोण?" त्याला सांगितलं की बारीक भोक असेल तर त्याच मटेरियलची चिकटपट्टी लागते, मोठं असेल तर अख्खी उशी बदलावी लागते, आणि हवेचा पंप रात्रंदिवस चालू लागतो. तो म्हणाला, "मग आधी त्या माणसाचा पगार मंजूर करा, पंपाच्या लाइटबिलाचं बघा, डोमचं नंतर." ग्रुपवर मी तेच लिहिलंय, दहा वर्षांचा दोन माळ्यांचा पगार आधी.