लग्नाची फुलं तीन महिने आधी

2025च्या पावसाळी अधिवेशनात प्लास्टिकच्या फुलांचा विषय महाराष्ट्राच्या विधानसभेत गाजला. फूलशेती करणाऱ्यांचं गाऱ्हाणं सरळ होतं: मंगल कार्यालयं आणि डेकोरेशनवाले एकदा घेतलेली नकली फुलं वर्षानुवर्षं वापरतात आणि आमचा झेंडू, शेवंती पडून राहते. सरकारने बंदीचं आश्वासन दिलं. तेव्हापासून आमच्या नातेवाइकांत दोन तट पडलेत. एकाला बंदी हवीच आहे. दुसरा म्हणतो, मे महिन्यात खरी फुलं दुपारपर्यंत माना टाकतात, वर लग्नतिथीला भाव चढलेला, मग मुलीच्या बापाने करायचं काय?

मी इंग्लंडमधल्या यॉर्कशरमध्ये राहते. यंदा पुतणीचं लग्न इथेच होतं आणि हार-गजरे, तोरणं, टेबलावरची फुलं असं जवळपास सगळं आम्ही घरी पिकवलं. इथे हे नवलाचं राहिलेलं नाही. ब्रिटनमध्ये विकली जाणारी बहुतेक फुलं बाहेरून येतात, हॉलंडच्या लिलावातून किंवा केनियातून विमानाने. त्याचा कंटाळा येऊन 2011मध्ये ‘फ्लॉवर्स फ्रॉम द फार्म’ ही छोट्या फूलउत्पादकांची संघटना उभी राहिली, आणि लग्नासाठी परसातच वाफा करणारी कुटुंबंही खूप दिसतात.

झेंडूचं बी एप्रिलमध्ये घरात, खिडकीतल्या ट्रेमध्ये पेरलं, कारण मेच्या अखेरीपर्यंत रोपं मारणारं गोठलेलं दंव कधी पडेल याचा भरवसा नसतो. रोपं बाहेर लावली की गोगलगायी तुटून पडतात. रात्री बॅटरी घेऊन त्या वेचायच्या, दुसरा उपाय मला तरी सापडला नाही. शेंडे खुडले तसे फुटवे आले, आणि जुलैच्या शेवटी वाफा केशरी झाला. लग्नाच्या आदल्या दिवशी सकाळी फुलं तोडून पाण्याच्या बादल्यांत सावलीला ठेवली आणि संध्याकाळी सगळ्या बायका ओवायला बसल्या. सुई पाकळ्यांतून घालायची नाही, खालच्या हिरव्या फुगीर देठातून घालायची, नाहीतर हार स्वतःच्याच वजनाने ओघळतो. इथेच जन्मलेल्या मुलींना हे शिकवताना माझा ऊर भरून आला.

एक अडचण मात्र खरी होती. इंग्लंडात झेंडू भरात येतो तो नेमका चातुर्मासात. साताऱ्याच्या आत्यांनी फोनवर स्पष्ट विचारलं, “फुलांसाठी मुहूर्त सोडणार का?” त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. पंचांगात आपत्काळातले म्हणून मुहूर्त दिलेले असतात, त्यातला एक धरला आणि आत्यांनी आशीर्वाद दिला.

लग्नाचे फोटो गेल्यावर ग्रुपवर सूर निघाला की आता आपणही घरीच फुलं लावू. तो मला पटत नाही. कोथरूडच्या बाल्कनीत देवापुरती जास्वंद होते, मांडवाचा झेंडू होत नाही. आणि होत असता तरी, दसऱ्याला भाव कोसळला की रस्त्याकडेला फुलं ओतून जाणाऱ्या शेतकऱ्याचं गिऱ्हाईक आपणच का तोडावं? इथे मी विमानाने आलेला गुलाब टाळला. तिथे मी कुणाला टाळणार, पुरंदरच्या शेतकऱ्याला?

आपल्याकडे घेण्यासारखी गोष्ट वेगळी आहे: लग्नाची तारीख मातीला वेळेवर कळवणं. साखरपुडा झाला की कार्यालय ठरतं, केटररला आगाऊ रक्कम जाते. फुलं तेवढी डेकोरेशनवाल्यावर सोडलेली, नाहीतर आदल्या पहाटे गुलटेकडीला किंवा दादरला धावपळ. झेंडूचं रोप लावल्यापासून साधारण दोन महिन्यांत तोडा सुरू होतो. म्हणजे तीन महिने आधी शेतकऱ्याकडे जाऊन एक वाफा ठरवला, दर ठरवला, निम्मे पैसे हातात ठेवले, तर त्याला भावाची धास्ती नाही आणि आपल्याला तिथीच्या महागाईची नाही.

फुलं मात्र ऋतूची मागावीत. भर उन्हाळ्यातल्या लग्नाला मोगऱ्यासारखं फूल नाही, तो तेव्हाच बहरतो. मे महिन्यात स्टेजभर कार्नेशन हवं म्हटलं तर ते शीतगृहातून येणार, आणि टोचलेलं असणार हिरव्या स्पंजमध्ये. तो स्पंजही प्लास्टिकच. रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटी या ब्रिटनमधल्या बागकामाच्या संस्थेने 2021पासून आपल्या प्रदर्शनांत तो बंद केला. आपल्या वादात त्याचं नावही निघत नाही.

बंदी मला हवी आहे. पण नुसत्या बंदीने डेकोरेशनवाला कापडी फुलांकडे वळेल आणि शेतकरी होता तिथेच राहील. मागणी आधी पोचली तरच तो त्या तारखेसाठी रोप लावेल.

भाच्याचं लग्न फेब्रुवारीच्या अखेरीस साताऱ्यात आहे. शेवंती तोवर सरत आलेली असेल, म्हणून ताईला झेंडू आणि निशिगंध सुचवलाय. झेंडूची रोपं डिसेंबरच्या मध्यापर्यंत शेतात जायला हवीत, आणि शेतकऱ्याशी बोलायला ती दिवाळीच्या आठवड्यातच जाणार आहे.