जेआरपीजीची तीन कलमं

जेआरपीजी, म्हणजे जपानी धाटणीचा रोल-प्लेइंग व्हिडिओ गेम, ओळखायचा कसा? गेम खेळणाऱ्यांत याचं एक ठरलेलं उत्तर फिरत असतं: जपानमध्ये बनलेला हवा, लढाई पाळीपाळीने हवी आणि गोष्ट रुळांवरून धावणारी हवी. तीन कलमं, विषय संपला. मीही हे बरीच वर्षं लोकांना ऐकवलंय.

आधी पाळीपाळीची लढाई घेऊ. ती मुळात जपानी नाहीच, १९८१च्या अमेरिकन ‘विझर्ड्री’कडून उचललेली आहे. उलट फाल्कम कंपनीचा १९८७चा ‘ईस’ पाहा. त्यात हल्ल्याचं बटणच नाही! नायकाला थेट शत्रूच्या अंगावर घालायचं, पण किंचित बाजूने. नाकासमोर धडकलात तर मार तुम्हालाच. तरी ‘ईस’ जेआरपीजीच. आणि बेल्जियमचा ‘बाल्डर्स गेट ३’ सगळा पाळीपाळीने लढतो, त्याला जेआरपीजी कोण म्हणतं?

जपानमध्ये बनलेला हवा, तर ‘डार्क सोल्स’ टोकियोचा आहे. पण त्याला या यादीत घालायला बहुतेक जण कचरतात. २०२५चा ‘क्लेअर ऑब्स्क्युअर’ मात्र फ्रान्समधल्या माँपेलिएचा, आणि करणारे ‘फायनल फँटसी’ या नामांकित जेआरपीजी मालिकेचं ऋण उघड मान्य करतात. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी ग्वाल्हेरची गायकी महाराष्ट्रात आणली म्हणून घराण्याचं नाव बदललं नाही.

रुळांवरची गोष्ट हे कलम तर साफ पोकळ. १९८६च्या पहिल्या ‘ड्रॅगन क्वेस्ट’मध्ये राजवाड्याबाहेर पडता पडता पाण्यापलीकडे शत्रूचा किल्ला दिसतो. पूल ओलांडला की राक्षस तगडे होतात, पण ‘इकडे जाऊ नका’ असं कुणी म्हणत नाही. ‘रोमान्सिंग सागा’त तर आठांपैकी कुठलाही नायक घ्या आणि हवं तिकडे भटका.

मग उरतं काय? मी तरी आधी हरल्यावर काय होतं ते बघतो. ‘विझर्ड्री’त मेलेल्या पात्राला देवळात न्यायचं, विधी फसला तर राख, राखेवरचाही फसला तर पात्र कायमचं गेलं. युजी होरी या खेळाचा भक्त, पण त्याला ‘ड्रॅगन क्वेस्ट’ फॅमिकॉमवर, म्हणजे निन्टेंडोच्या घरगुती गेमयंत्रावर, पोराटोरांसाठी करायचा होता. त्याने मेलेल्या नायकाला राजापुढे उभं केलं. राजा झापतो, निम्मं सोनं जातं, पण लढून कमावलेला, नायकाची ताकद वाढवणारा ‘अनुभव’ शाबूत! म्हणजे हरूनही तुम्ही थोडे बळकटच होता, आणि नेटाने खेळणारा कुणीही गोष्टीच्या शेवटाला पोचतो. खेळणाऱ्याला शेवटपर्यंत नेणं हे गेमचं काम, ही या घराण्याची खूण. ‘शिन मेगामी टेन्सेई’सारखे हरताच खेळ संपवणारेही आहेत, घरात एखादा तिरसट काका असायचाच.

‘ड्रॅगन क्वेस्ट’च्या त्या पहिल्या कार्ट्रिजमध्ये खेळ सेव्ह करायची सोय नव्हती, एवढा एक काच राहिला. थांबताना राजा २० अक्षरांचा ‘पुनरुज्जीवनाचा मंत्र’ सांगे. पुढच्या वेळी तो भरला की खेळ तिथून पुढे सुरू. तो वहीत उतरवताना एक अक्षर चुकलं, की अनुभवासकट सगळं पाण्यात.